ओव्हाळांचं आयर्लंड

गेल्या महिन्यात एका सकाळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप आला. ‘बी विंगमधले घारेकाका आज पहाटे गेले. अकरा वाजता नेणार आहेत.’ त्याखाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली. मग कुणीतरी ‘श्री. घारे यांना भावपूर्ण श्रद्धांजली’ असं लिहिलं आणि पुढच्या सगळ्यांनी तेच उतरवून काढलं. मला आधी कळेचना की गेलं कोण. कळलं तेव्हा पहिल्यांदा आला तो राग, दुःख त्याच्या मागून आलं. वारज्यातल्या या इमारतीत वीसेक वर्षं राहिलेल्या, सगळ्यांचे बिघडलेले रेडिओ आणि मिक्सर फुकटात दुरुस्त करून देणाऱ्या त्या गृहस्थांचं आडनाव घारे नव्हतं. त्यांचे डोळे घारे होते. नाव मधुकर ओव्हाळ. मी ग्रुपवर तसं लिहिलं, त्यावर एकाने अंगठा दाखवला आणि दुसऱ्याने पाण्याचा टँकर कधी येणार ते विचारलं.

हे इतकं खुपण्याचं कारण असं की, ओव्हाळांनी आपलं सगळं म्हातारपण एका नावाच्या शोधात घालवलं होतं. त्यासाठी त्यांच्या घरात आयर्लंडवरच्या पुस्तकांचं एक भिंतभर कपाट उभं राहिलं होतं. पुण्यात तसं दुसरं असेल असं मला वाटत नाही, आणि असायचं काही कारणही नाही.

आमची ओळख झाली ती त्या डोळ्यांवरूनच. ते नवीन राहायला आले तेव्हा आमच्या खालच्या मजल्यावरच्या एका आजींनी लिफ्टमध्ये त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि मोठ्या आपुलकीने विचारलं, “आपण मूळचे रत्नागिरीकडचे का?” ओव्हाळ म्हणाले, “नाही हो, खडकीचे.” “आडनाव?” “ओव्हाळ.” आजी पुढचे दोन मजले लिफ्टच्या दाराकडे बघत राहिल्या. त्या उतरून गेल्यावर ओव्हाळ माझ्याकडे वळून म्हणाले, “तुमचं नाव?” मी म्हटलं, “जोशी.” त्यांनी माझ्या डोळ्यांत वाकून पाहिलं. “डोळे काळे. तुम्ही जोशी आणि डोळे काळे, मी बौद्ध आणि डोळे घारे. कुणाच्या तरी फायलिंगमध्ये गोंधळ झालाय.” त्यानंतर मी त्यांच्याकडे चहाला गेलो तो जातच राहिलो.

टेलिफोन खात्यात ते चौकशीच्या फोनवर होते. म्हणजे लोक फोन करून अमुक माणसाचा नंबर द्या म्हणत, आणि हे विचारत, “नाव सांगा.” उभ्या नोकरीत सगळ्यांत जास्त वेळा कोणते शब्द उच्चारले असतील तर हेच, असं ते सांगायचे. निवृत्त झाल्यावर तेच दोन शब्द त्यांच्या मागे लागले.

त्यांच्या आईची आजी खडकीच्या छावणीजवळ राहायची. बराकीतले कपडे धुवायला न्यायची. तिथल्या एका गोऱ्या सोजिराशी तिचं जुळलं आणि ती त्याच्याबरोबर राहू लागली. मुलगी झाली. मग पलटण हलली, आगगाडीत बसली आणि गेली. तो परत आला नाही. लढाईत मेला, दुसरीकडे संसार थाटला की वाटेतच तापाने गेला, कुणाला ठाऊक नाही. ओव्हाळांच्या पणजीने त्याच्याबद्दल सांगितलं ते एवढंच : “त्ये इंग्रज न्हवतं. इंग्रज म्हनलेलं त्यान्ला खपत न्हवतं.” आणि तो मण्यांची माळ घेऊन पुटपुटायचा. एवढ्यावरून तो आयर्लंडचा असावा, हे कुणीही सांगेल. पण नाव? पणजी त्याला ‘ते’ म्हणायची. आपल्या माणसाचं नाव बाईने तोंडाने घ्यायचं नाही, ही तिच्या घरातली रीत, आणि नवरा म्हणून ज्याला जगाने कधी मान्य केलं नाही त्याच्याबाबतीत तर ती रीत तिने जास्तच कडक पाळली. मुलीने विचारलं तरी ‘ते’, नातीने विचारलं तरी ‘ते’. ती गेली, आणि ते नावही गेलं. नातीला, म्हणजे ओव्हाळांच्या आईला, शाळेत ‘सोजिराची’ म्हणून चिडवायचे. ती शेवटच्या दुखण्यात पडून होती तेव्हा लेकाला म्हणाली, “येवढं नाव तरी कळाया पायजे व्हतं रे.” ओव्हाळ मला म्हणाले, “जोशी, नावाशिवाय माणूस गेला की तो पळून गेला असं होतं. नाव असलं तर निदान गेला असं म्हणता येतं.”

पहिलं पुस्तक सापडलं तेव्हा मी बरोबर होतो. आम्ही बुधवार पेठेत एका जुन्या रेडिओचा कंडेन्सर शोधत फिरत होतो. तो मिळाला नाही, म्हणून पाय मोकळे करायला शेजारच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात शिरलो. तिथे तळाशी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं : आयर्लंडमधून परदेशी गेलेल्यांच्या वंशजांनी आपले पूर्वज कसे शोधावेत, याचं. कोरेगाव पार्कातल्या आश्रमातला कुणी गोरा साधक मायदेशी परतताना टाकून गेला असणार. ओव्हाळ ते उभ्याउभ्या वाचायला लागले. दुकानदार बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, “न्या. हे पुस्तक घेणारा दुसरा माणूस पुण्यात जन्माला यायचाय.” ओव्हाळांनी ते छातीशी धरून घरी आणलं. त्याच्या पहिल्याच प्रकरणात लिहिलं होतं की शोधाची सुरुवात पूर्वजाच्या नावापासून करावी, आणि नाव ठाऊक नसेल तर घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना विचारावं.

पुढे पुस्तकं येतच गेली. काही त्यांची मुलगी मृणाल परदेशी जाणाऱ्या मित्रांकडून मागवायची, काही टपालाने यायची. आडनावांचे कोश, कुठलं घराणं कुठल्या परगण्यातलं ते सांगणारे. गावोगावच्या चर्चच्या हद्दींचे नकाशे. बटाट्याच्या दुष्काळावरची, गोऱ्या साहेबाच्या फौजेत पोटासाठी भरती झालेल्या पोरांवरची, तिथल्या चालीरीतींवरची. कुठलाही विषय घ्या, दहा मिनिटांत ओव्हाळ त्याला आयर्लंडला पोचवायचे. आमच्याकडे नळाला पाणी आलं नाही तर ते तिथल्या पवित्र विहिरींबद्दल सांगायचे. मी कावून म्हणायचो, “अहो, ती विहीर राहू द्या, टँकरवाल्याला फोन लावा.” तिथल्या यादवीत राजधानीतला दफ्तरखाना जळाला आणि शेकडो वर्षांचे जन्ममृत्यूचे कागद राख झाले, हे ज्या दिवशी त्यांनी वाचलं त्या दिवशी मात्र ते जेवले नाहीत. घरात मयत झाल्यासारखे कोपऱ्यात बसून राहिले. मी समजूत घालायला गेलो तर म्हणाले, “त्यांच्याकडे निदान जळायला काहीतरी होतं.”

त्या सगळ्या वर्षांत खरा आनंदाचा असा एकच दिवस मला आठवतो. ओव्हाळांच्या घरी एक पाव होत असे, त्याला ते ‘फुलीची भाकर’ म्हणत. गव्हाचं पीठ, ताक, मीठ, खायचा सोडा. जाड गोळा थापायचा, त्यावर सुरीने खोल फुली मारायची आणि जाड बुडाच्या पातेल्यात, वर तवा झाकून, मंद आचेवर भाजायचा. पणजीपासून चालत आलेला प्रकार. सुमनवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, तो सासूकडून शिकल्या होत्या. मी तिथे इतक्यांदा तो चहात बुडवून खाल्ला होता की त्यात काही विशेष आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एक दिवस ओव्हाळ आयरिश खाण्यापिण्यावरचं एक पुस्तक उघडंच हातात धरून, पायांत चपला न घालता माझ्या दारात आले. पानावर फोटो होता. तीच भाकर, तीच फुली. खाली लिहिलं होतं की ही फुली पाव आतून नीट भाजावा म्हणून मारतात, कुणी म्हणतं आशीर्वाद म्हणून, आणि कुणी म्हणतं आत अडकलेल्या पऱ्यांना बाहेर जाता यावं म्हणून. माणूस इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. “जोशी, तो होता! अहो, तो खरंच होता. माझ्या पणजीच्या चुलीपाशी बसून त्याने हे शिकवलं.” आम्ही पुस्तक घेऊन वहिनींकडे गेलो, त्यांना पऱ्यांची गोष्ट सांगितली. त्या पिठाचे हात तसेच धरून फोटोकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “पुस्तकातलं आपल्याला काय ठाऊक,” आणि आत वळल्या.

त्या भाकरीच्या जोरावर आम्ही खडकीला गेलो. तिथल्या जुन्या चर्चमध्ये एक वयस्कर फादर होते, मराठी उत्तम बोलायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा दिला, जुन्या नोंदी दाखवायची तयारी दाखवली, आणि विचारलं, “नाव सांगा.” ओव्हाळ माझ्याकडे बघून हसले. ते हसू मला आवडलं नाही. तिथून आम्ही सोजिरांच्या कबरस्तानात गेलो. गवत गुडघ्यापर्यंत आलेलं. ओव्हाळ एकेका दगडापुढे थांबत, आडनाव वाचत आणि ते कुठल्या परगण्यातलं ते सांगत. केली, डॉइल, रायन, मर्फी. कुणी विशीतला, कुणी पटकीने गेलेला. कुठे इंग्रजीत लिहिलेलं की आईने हा दगड बसवला. दुपारी उन्हात एका कडुलिंबाखाली ते खाली बसले आणि म्हणाले, “यांतला कुणीही असू शकेल. म्हणजे कुणीच नाही.” परत येताना रिक्षावाल्याने पूल आल्यावर कुठे वळू विचारलं तेव्हा ते “न्या कुठेही” एवढंच म्हणाले.

मृणालने त्यांच्या लाळेची तपासणीही बाहेरून करून घेतली. “बाबा, आता पुस्तकं बास, डीएनए इज द ओन्ली वे,” असं तिचं म्हणणं. निकाल आला. आयर्लंडचं रक्त आहे, यात शंका नाही. आणि चुलत-मावस करत कुठल्या कुठे पोचणाऱ्या नातलगांची लांबलचक जंत्री. मृणालने त्यांतल्या बऱ्याच जणांना कळवलं. एका बाईने फार गोड उत्तर पाठवलं. पुण्यात आपले नातलग आहेत याचं तिला अप्रूप वाटलं होतं. शेवटी तिने विचारलं होतं की त्या सैनिकाचं नाव काय, म्हणजे तिला पुढे शोधता येईल. ओव्हाळांनी ते उत्तर वाचून फोन मृणालच्या हातात परत दिला आणि जेवायला वाढ म्हणाले.

नंतर काचबिंदूने त्यांची नजर गेली. हळूहळू, कडेकडेने. ज्या डोळ्यांवरून लोक त्यांना काहीच्या बाही समजले, तेच आधी गेले. मग मी दुपारी जाऊन वाचून दाखवू लागलो. त्यांना दुसरं काही नको असायचं, आडनावांचा कोश हवा असायचा. त्यांची अशी एक समजूत झाली होती की खरं नाव कानावर पडलं तर आत काहीतरी हलेल. पणजीचं ऐकून नकळत आजीच्या, आईच्या तोंडून, कधीतरी बोलता बोलता, झोपेत, तापात ते निसटलं असेलच आणि आपल्या कानाने ते धरून ठेवलं असेल. ही समजूत खुळी होती. ते मला माहीत होतं आणि त्यांनाही. तरी मी वाचत होतो. खुर्चीत मान मागे टाकून, डोळे मिटून ते ऐकत. मधेच बोट वर करत : “हे परत वाचा.” मी परत वाचायचो. ते थांबायचे... मग मान हलवायचे, आणि आम्ही पुढे जायचो. असं आम्ही ‘मॅक’पर्यंत आलो. मॅकला अंतच नसतो. एका दुपारी मी असाच ओळीने मॅक वाचत चाललो होतो, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “बास करा, जोशी. काही वाजत नाही आत.” मी म्हटलं, “अजून अर्धा कोश आहे.” ते म्हणाले, “असू द्या. कोशाला काय, तो संपेल. मी रिकामा आहे.” त्यानंतर त्यांनी पुस्तकाचं नाव काढलं नाही. माझी आणि त्यांची खरी शेवटची भेट तीच म्हणायची. पुढे मी जात होतो, बसत होतो, पण ते खिडकीकडे तोंड करून असायचे. हृदय बंद पडलं ते नंतर, डॉक्टरांच्या सोयीसाठी.

अशा लेखांत ‘समाधानाने गेले’ असं लिहायची पद्धत आहे. ते समाधानाने गेले नाहीत. जलदान विधीच्या दिवशी बौद्धाचार्यांनी त्यांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव स्पष्ट उच्चारलं, तेव्हा मी मान खाली घालून बसलो होतो. नाव मोठ्याने घेतलेलं ऐकायला ते तिथे नव्हते, याचं मला भयंकर वाईट वाटलं, आणि असलं वाईट वाटून घेण्यात काही अर्थ नाही हेही मला कळत होतं.

पुस्तकांचं काय करायचं, हा प्रश्न मृणालपुढे आहे. बाणेरच्या तिच्या फ्लॅटमध्ये जागा नाही. मी दोन ग्रंथालयांत विचारून पाहिलं. एकाने “आयर्लंड म्हणजे इंग्लंडच ना? ते आहे आमच्याकडे” म्हणून सांगितलं. ओव्हाळांना ही भेट चुकली हे बरंच झालं. दुसऱ्याने जागेची अडचण सांगितली. बुधवारातल्या त्या दुकानात आता मालकाचा मुलगा बसतो. तो म्हणाला, “काका, स्पर्धा परीक्षेचं असेल तर आणा. हे आणायचे कष्ट घेऊ नका.” पुण्यात या पुस्तकांचा वाचक एकच होता आणि तो गेला. मी ती घेतली असती, पण मी आता म्हातारा आहे. माझ्यामागे ती माझ्या मुलांनी कुठे टाकायची?

गेल्या रविवारी मी पुस्तकं बांधायला गेलो. निदान धूळ बसू नये म्हणून खोक्यांत भरून ठेवू, असं ठरलं होतं. आडनावांच्या कोशात मॅकच्या पानावर माझीच खूण तशीच होती, बसचं तिकीट. मी तो कोश खोक्यात घातला नाही, हातात घेऊनच स्वयंपाकघरात गेलो. सुमनवहिनी ओट्यापाशी उभ्या होत्या. पातेलं तापत ठेवलं होतं, पिठाचा गोळा थापून झाला होता. ते गेल्यापासून पहिल्यांदाच भाकर होत होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, “पऱ्या सोडा आता बाहेर.” त्या हसल्या नाहीत. सुरी हातात घेऊन म्हणाल्या, “त्यासाठी नसते हो ती, भाऊजी.”

मी विचारलं, मग कशासाठी.

“सासूबाईंनी मला शिकवलं तेव्हा सांगितलं होतं. फुली मारताना आपल्या माणसाचं नाव मनात घ्यायचं. तोंडाने नाही, मनात. त्यांना त्यांच्या आईने सांगितलं, तिला तिच्या आईने. बायकांपुरतंच होतं ते. पुरुषाला सांगायचं नसतं, म्हणून मी यांना कधी बोलले नाही. आणि सांगून तरी काय झालं असतं?”

म्हणजे ज्या नावासाठी आम्ही खडकीचं कबरस्तान पालथं घातलं, ते या भाकरीवर घेतलं जात होतं. पणजीने प्रत्येक वेळी घेतलं असणार. तिची मुलगी शेजारी पीठ मळत असताना घेतलं असणार. मुलीने रीत उचलली आणि फुली मारताना आपल्या नवऱ्याचं नाव घेतलं, तिच्या मुलीने आपल्या. रीत पोचली, भाकर पोचली. नाव तेवढं पणजीपाशीच राहिलं.

“पण वहिनी,” मी म्हटलं, “एकदा तरी ते चारचौघांत घेतलं असेल ना पणजीने? तुम्ही नाही का लग्नात उखाण्यात घेतलंत?”

“मी घेतलं. तेवढं एकदाच. सगळ्या बायका घेतात.” त्यांनी गोळ्यावरचं पीठ बोटाने सारखं केलं. “तिचं लग्न कुठं झालं होतं, भाऊजी? ती उखाणा कुठं घेणार?”

हातातला कोश जड झाला म्हणून मी तो डब्यांच्या फळीवर ठेवला. मृणालला हे सगळं येतं का, असं मी विचारलं. “ती नवऱ्याला अरेतुरे करते, घरभर नावाने हाका मारते,” वहिनी म्हणाल्या. “तिला मनात कशाला घ्यावं लागतंय. आणि पाव ती विकतचा आणते.” मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, “वहिनी, आज एकदा मोठ्याने घ्या. इथे मीच आहे.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि मिटलं. “जीभ वळत नाही,” त्या म्हणाल्या.

त्यांनी सुरी टेकवली. एक रेघ इकडून तिकडे, मग दुसरी तिच्यावरून आडवी. मी त्यांच्या ओठांकडे पाहत होतो. या घरातल्या बायका इतकी वर्षं जे करत आल्या ते मी पहिल्यांदाच समजून बघत होतो, आणि नाव मला ठाऊक होतं, माझ्या मित्राचंच होतं, तरीही मी कान लावून उभा होतो. ओठ हलले नाहीत. त्यांनी गोळा उचलून पातेल्यात ठेवला आणि वर तवा झाकला.